तांब्याचा खिशातला टॉर्च साफ करूनही परत परत बंद पडतो तेव्हा

लक्षणं आधी. तांब्याचे छोटे टॉर्च माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक यांपैकी एखादी तक्रार घेऊन:

– लागतो, पण चालताना मिचमिचतो. तळहातावर आपटला की पुन्हा ठीक.
– डोकं पिळून लावायचा टॉर्च एका ठरावीक कोनात धरला तरच लागतो.
– कमी उजेडावर तासभर चालतो, पूर्ण उजेडावर नेला की विझतो.
– नवा सेल घातला तरी उजेड मंदच.
– बंद करून ठेवलेला टॉर्च आठवड्याने काढला तर सेल रिकामा.
– आटे फिरवताना करकर येते, उघडून बघावं तर आत हिरवं.
– काचेच्या आतून धुकं.
– साफ केला, छान चालला, पाऊस सुरू झाला आणि परत तेच.

शेवटची तक्रार सगळ्यात जास्त येते. बाकीच्यांपैकी निम्म्या तिच्याच वेगवेगळ्या पायऱ्या असतात.

मी म्हापशात दुरुस्तीचं काउंटर चालवतो. हे टॉर्च बहुतेक भेट आलेले असतात. घरातला कुणी तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजावरून उतरताना आणतो, कुणी आखातातून, आणि हल्ली घरबसल्या मागवणारेही पुष्कळ. हाताला जड लागतात, दिसतात सुरेख, म्हणून बंद पडला तरी कुणाला फेकवत नाही. चवथीच्या आधी तर कपाटातले सगळे एकदम बाहेर निघतात. गावच्या घरी जायचं असतं, पहाटे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या मंडपीचं, सामान काढायला रानात शिरायचं असतं, आणि पायाखाली काय आहे ते दिसायला हवं असतं.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाब, एलईडी गेला काय?" क्वचितच गेलेला असतो. या टॉर्चमध्ये सर्वांत टिकाऊ भाग तोच. सेलही बऱ्याचदा बरा असतो. बिघाड असतो वाटेत.

वाट म्हणजे काय ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. टॉर्चमध्ये सेलच्या एका टोकापासून डोक्यातल्या सर्किटपर्यंत वीज थेट जाते. दुसऱ्या टोकाकडून मात्र ती मागच्या स्प्रिंगमधून टोपणात, टोपणाच्या आट्यांतून नळीत आणि नळीच्या पुढच्या कडेवरून सर्किटच्या कड्यात जाते. म्हणजे टॉर्चचं अंग हीच तार आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चवर अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर असतो आणि फक्त जोडाच्या जागा उघड्या असतात. तांब्यावर तसा थर चढत नाही. सगळं अंग उघडं, आणि आपल्याकडची हवा खारी.

दुसरी गोष्ट, कमी उजेडावर चालून पूर्ण उजेडावर का विझतो ती. ट्रिपल-ए सेलचा टॉर्च कमी उजेडावर काही मिलिअँपिअर ओढतो, पूर्ण उजेडावर एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. जोडांत मळामुळे समजा ०.३ ओहम रोध आला, तर एक अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच खर्च झाले. दीड व्होल्टच्या सेलला हे परवडत नाही. शिवाय सर्किटला व्होल्टेज कमी मिळालं की ते तेवढाच उजेड द्यायला आणखी प्रवाह ओढतं आणि नुकसान वाढतं. म्हणून "लो चालतो, हाय चालत नाही" असं कुणी म्हणालं की माझा हात आधी आट्यांकडे जातो.

हाताने ओळखा, खर्च शून्य

काही उघडण्याआधी टॉर्च लावा आणि तीन गोष्टी करा. डोकं आणि नळी दोन हातांत धरून बाजूला हलका दाब द्या. उजेड हलला तर दोष आट्यांत किंवा नळीच्या कडेत. मग शेपटाकडून बोटाने टिचक्या मारा. उजेड हलला तर स्प्रिंग किंवा सेलचं टोक. शेवटी बटण असेल तर ते पूर्ण न दाबता नुसतं बाजूला ढकला. उजेड हलला तर बटण, किंवा बटण जागेवर धरणारी आतली आट्यांची चकती. याला अर्धं मिनिट लागतं, आणि तुम्ही काय काय उघडणार आहात ते त्यावरून ठरतं. न बघता सगळं खोलून बसलात तर नंतर नेमकं कशाने सुधारलं तेही कळत नाही.

सेल

खात्रीचा, दुसऱ्या उपकरणात चालत असलेला सेल घालून बघा. मल्टिमीटरपेक्षा ही अदलाबदल जास्त खरं सांगते, कारण थकलेला अल्कलाइन सेल मोकळा मोजला तर १.४ व्होल्ट दाखवतो आणि टॉर्चचा भार पडताच कोसळतो. तरी मीटर असेल तर अंदाज असा: नवा अल्कलाइन १.५ ते १.६, १.२ च्या खाली गेलेला संपत आलेला. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड चार्जरमधून काढल्यावर १.४ च्या आसपास, नंतर १.२ ते १.३ वर स्थिरावतो, म्हणजे त्याचा १.२५ हा आकडा वाईट नाही. लिथियम-आयन पूर्ण भरलेला ४.२, ३ च्या खाली गेलेला ताबडतोब चार्जिंगला. २.५ च्याही खाली बराच काळ पडून राहिला असेल तर चार्ज करू नका, बाद करा.

आकाराने फसू नका. १०४४० हा लिथियम-आयन सेल ट्रिपल-एच्या मापाचाच असतो, १४५०० हा डबल-एच्या. आत बसतो म्हणून चालतो असं नाही. दीड व्होल्टसाठी केलेल्या सर्किटला ४.२ व्होल्ट दिले तर क्षणभर डोळे दिपवणारा उजेड पडतो आणि काही वेळा तो शेवटचाच असतो. टॉर्चसोबतच्या कागदावर परवानगी लिहिली असेल तरच घाला.

हल्ली चार्जिंगची वायर थेट सेललाच लागते असे दीड व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. ते शेवटपर्यंत पूर्ण व्होल्टेज देतात आणि मग एकदम बंद होतात. अशा सेलवर टॉर्च मंद न होता अचानक विझला तर तो बिघाड नाही.

सेलचं वरचं टोक सपाट आहे की उंचवट्याचं, तेही बघा. काही सर्किटांत उलट्या सेलपासून बचाव म्हणून मधला बिंदू खोलगट ठेवतात. तिथे सपाट टोकाचा सेल पोचतच नाही.

लिथियम सेलचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं असेल, सेल फुगला किंवा चेपला असेल तर पुढचं काही करू नका. तांब्याच्या नळीत हे जास्त महत्त्वाचं, कारण वेष्टनाच्या आतलं पत्र्याचं अंग म्हणजे सेलचं ऋण टोक असतं आणि भोवतालची नळी उघडी वाहक.

घट्ट आहे का

टोपण आणि डोकं पूर्ण आवळा. हसू नका, बरेच टॉर्च इथेच सुटतात.

मग टोपण काढून आत बघा. बटणाच्या वर दोन खाचांची किंवा दोन भोकांची पितळी चकती असते. ती ढिली झाली की बटणाची पट्टी अंगाला नीट टेकत नाही. टोकदार चिमटा दोन खाचांत घालून आवळता येते. काहींना उलटे आटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवून दिशा ओळखा. डोक्यातही अशीच चकती असू शकते. ती फिरवायला सोपी असेल तरच फिरवा.

स्प्रिंग दबून बसली असेल तर चिमट्याने एक-दोन मिलिमीटर वर ओढा. त्याहून जास्त ओढली तर ती तिरकी होऊन बाजूला टेकते.

साफसफाई, आणि ती एवढी करूनही दोष परत का येतो

इथे वेळ घ्या.

नळी दोन्ही बाजूंनी मोकळी करून उजेडात धरा आणि रंग बघा. तपकिरी म्हणजे तांब्याचा साधा ऑक्साइड, अंगावर असेल तर त्याचं काही करायचं नाही. जोडाच्या कडेवर काळा थर असेल तर तो काढायचा. हिरवा कळंक आट्यांत किंवा नळीच्या तळाशी असेल तर तोच तुमचा चोर. पांढरं असेल तर जागा बघा. सेलच्या टोकाशी पांढरे स्फटिक म्हणजे सेल गळला. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकतात त्या रेषेवर, म्हणजे बहुधा डोक्याच्या आतल्या भागात, पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो.

बहुतेक जण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन आटे चकचकीत करतात, ग्रीस लावतात आणि बंद करतात. टॉर्च लागतो. पण इंटरनेटवरचा हा सल्ला कोरड्या हवेतल्या माणसाने लिहिलेला असतो. गोव्यात हिरव्याच्या मुळाशी क्लोराइड असतं, समुद्राच्या वाऱ्यातून आलेलं आणि त्याहून जास्त आपल्याच घामातून. मीठ शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. तुम्ही तेल काढता, मळ काढता, आणि मीठ तिथेच ठेवून वरून ग्रीसचं पांघरूण घालता.

पुढे काय होतं ते संग्रहालयांत तांब्या-काशाच्या जुन्या मूर्ती आणि नाणी सांभाळणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. तांब्यावर क्युप्रस क्लोराइड तयार होतं. दमट हवा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचं हिरवं भुसभुशीत क्लोराइड बनतं आणि सोबत आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं आणि चक्र फिरत राहतं. त्यात क्लोराइड खर्च होत नाही, तेच पुन्हा कामाला लागतं. जुलैमध्ये आपल्याकडे आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते, म्हणून एप्रिलमध्ये साफ केलेला टॉर्च पावसात परत येतो. क्लोराइड पाण्याने धुऊन काढल्याशिवाय हे थांबत नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे. सेल बाहेर, नळी सुटी, डोकं आणि बटणाचं टोपण बाजूला.

आधी जुनं ग्रीस कागदाने पुसा, आट्यांतलं टूथपिकने काढा. मग अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने घासा. ग्रीस असेपर्यंत पाणी तांब्यापर्यंत पोचत नाही, त्यासाठी हे पहिलं अल्कोहोल. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश काढायचं द्रव नको, त्याने प्लॅस्टिकची भिंगं धुरकट होतात. आणि हे सगळं गॅसपासून लांब.

हिरवं चिवट असेल तर फक्त सुट्या नळीवर लिंबाचे दोन-चार थेंब, मिनिटभर, आणि ब्रश. मीठ घालायचं नाही. घरात तांब्याची भांडी आपण लिंबू-मीठ, चिंच, आमसूल यांनी उजळतो. ते भांड्याला चालतं, कारण ते लगेच नळाखाली भरपूर पाण्याने धुतलं जातं. टॉर्चच्या बारीक आट्यांतून मीठ तसं निघत नाही. पितांबरीसारखी पावडर बाहेरच्या अंगाला चालेल, पण आट्यांत नको, कारण कण आत अडकतात आणि मऊ तांब्याचे आटे घासतात.

आता पाणी. फक्त नळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा. गाडीच्या बॅटरीसाठी मिळतं तेच. अर्ध्या तासाने पाणी बदला, असं दोन-तीनदा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी वापरू नका, उन्हाळ्यात ते मचूळ होतं आणि मग आपण मीठ काढतोय की भरतोय ते कळत नाही. डोकं कधीच बुडवायचं नाही. त्यातले आटे आणि सर्किटचं कडं डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसायचे, काडी थेंब गळेल इतकी ओली नको. टोपणाचंही तसंच.

मग पुन्हा अल्कोहोल, या वेळी पाणी घालवण्यासाठी. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. नळीच्या दोन्ही कडा पेन्सिलच्या खोडरबराने घासा, तांबं गुलाबी दिसेपर्यंत. सर्किटच्या कड्यावर खोडरबर अगदी हलका, आणि कडं किंवा स्प्रिंग सोनेरी मुलाम्याची असेल तर तिथे नुसतं अल्कोहोल. मुलामा एकदा खरवडला की खालचा धातू गंजायला मोकळा. सँडपेपर कुठेच नको.

आत मुरलेलं थोडं क्लोराइड पहिल्या धुण्यानंतरही राहतंच. म्हणून पहिल्या महिन्यात एकदा उघडून बघा. हिरवा ठिपका दिसला तर पुन्हा पाणी. बहुधा दुसऱ्या खेपेनंतर गप्प होतं.

मागून बंद असलेल्या एकसंध नळीच्या टॉर्चमध्ये तळ विसरू नका. सेलचं मागचं टोक तिथे टेकतं आणि नेमकं तिथेच बोट पोचत नाही. लांब काडीला कापूस गुंडाळून घासा.

ग्रीस आणि ओ-रिंग

आट्यांना सिलिकॉन ग्रीस, तेही डोळ्याला जेमतेम चमक दिसेल इतकंच. जास्त लावलं तर त्यात धूळ आणि खिशातला कापूस बसतो, आणि ते नळीच्या कडेवर पसरून जोडाला अडथळा करतं. कडा कोरड्याच हव्यात. ओ-रिंग, म्हणजे जोडात पाणी अडवणारी गोल रिंग, सिलिकॉनचीच असेल तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगू शकते. पण या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा काळी नायट्राइल रबराची असते, तिला चालतं.

खोबरेल तेल लावू नका. हे मोठ्याने सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बिजागरीपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्याला तेच. तेलातली आणि विशेषतः खवट झालेल्या तेलातली आम्लं तांब्याशी संयोग पावून हिरवा, साबणासारखा चिकट लगदा करतात. खोबरेल लावलेले टॉर्च उघडले की वासावरूनच कळतं.

ओ-रिंगला चीर असेल किंवा ती दबून चपटी झाली असेल तर बदला. जुनी सोबत घेऊन हार्डवेअर किंवा स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानात जा, मापाची मिळून जाते.

काचेच्या आतलं धुकं दोन प्रकारचं असतं. एसी गाडीतून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर येतं आणि दहा मिनिटांत जातं, ते सोडून द्या. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर पाणी आत गेलंय. सेल काढा, टॉर्च उघडा आणि गोळ्यांच्या डबीतल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ आट्यांत जातं. उन्हात तापत ठेवू नका.

समुद्रात किंवा खाडीत पडला तर तो चालतोय म्हणून तसाच वापरत राहू नका. लगेच सेल काढा आणि वरचा सगळा धुण्याचा क्रम त्याच दिवशी करा. खारं पाणी, सेलचं व्होल्टेज आणि दोन-तीन धातू एकत्र आले की एका रात्रीत जेवढं खाल्लं जातं तेवढं एरवी वर्षात जात नाही. आत खारं पाणी शिरलं असेल तर तो लिथियम सेल परत वापरू नका.

सेल गळला असेल तर

हातमोजे घाला. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, ते त्वचा आणि डोळे दोन्हींना वाईट. पांढऱ्या भागावर व्हिनेगर किंवा लिंबाचे थेंब काडीने लावा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाण्याची काडी, मग अल्कोहोल. सेल साधा, स्वस्तातला झिंक-कार्बन असेल तर गळती आम्लधर्मी असते, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी.

सेल फुगून नळीत अडकला असेल आणि तो अल्कलाइनच आहे याची खात्री असेल तर डोकं काढून ठेवा, कडेने व्हिनेगरचे थेंब सोडा आणि काही तासांनी नळी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा. तांबं सेलच्या पोलादी पत्र्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, तेवढी फट पुरते. मग नळी उलटी करून लाकडावर हलके ठोके. ड्रिल नको, स्क्रू घालून ओढणं नको. अडकलेला सेल लिथियमचा असेल तर गरम पाणीही नको, ठोकेही नकोत. तिथे घरचं काम संपलं.

बटण की डोकं

एवढं करूनही लागत नसेल आणि टॉर्चला मागे बटण असेल तर टोपण काढा, सेल आतच ठेवा. घरच्या वायरिंगमधली एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेऊन तिचं एक टोक सेलच्या मागच्या टोकावर दाबा आणि दुसरं नळीच्या कडेला टेकवा. टॉर्च लागला तर डोकं निर्दोष, दोष टोपणात. नाही लागला तर दोष डोक्यात. लिथियम सेल असेल तर हे एक-दोन सेकंदच करा. तार गरम व्हायला लागली तर तत्काळ सोडा, डोक्यात शॉर्ट आहे.

टोपणातला दोष म्हणजे बटण. सोल्डरिंगचा सराव असेल तर बटण बदलणं फार अवघड नाही. नसेल तर कुठल्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याला ते येतं.

आपोआप सेल संपणं

बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेले टॉर्च बंद असतानाही बटणाची वाट बघत थोडी वीज खात असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चचं टोपण पाव फेरा सैल केलं की प्रवाह तुटतो, कारण त्याचे आटे अ‍ॅनोडाइज केलेले असतात. तांब्याचे आटे उघडे असल्याने बऱ्याच टॉर्चमध्ये सैल टोपणातूनही वीज जातच राहते. पडून राहणार असेल तर सेलच काढा.

पिळायच्या टॉर्चचं वेगळं आहे. विझला त्या बिंदूवर सोडला तर खिशातल्या दाबाने आट्यांतल्या हलकाव्यामुळे तो मधूनच लागतो. विझल्यावर आणखी अर्धा फेरा सैल करा.

इथे थांबा

काही ठिकाणी पुढे जाऊ नका, कितीही उत्साह असला तरी.

टॉर्च बंद असताना गरम होत असेल, सेलमधून गोडसर किंवा द्रावकासारखा वास येत असेल, सू असा आवाज येत असेल तर तो मोकळ्या जागी फरशीवर किंवा मातीवर ठेवा आणि दूर व्हा. उघडायला जाऊ नका. तांब्याची घट्ट नळी आतला वायू बाहेर पडू देत नाही. आग लागली तर १०१. चालू असताना पूर्ण उजेडावर अंग तापणं मात्र वेगळं. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या दुपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे एलईडीची उष्णता लगेच तुमच्या हातापर्यंत येते. ते चांगलं लक्षण आहे.

लिथियम सेल आत अडकलेला असेल तर थांबा.

डोक्यातली चकती किंवा जोड चिकटवलेला असेल तर थांबा. पान्ह्याने धरून पिळलं की मऊ तांबं लंबगोल होतं, मग काच आणि ओ-रिंग कधीच नीट बसत नाहीत.

टॉर्च पडून नळीची कड चेपली असेल तर थांबा. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आणि बरंच मऊ, त्यामुळे छातीच्या उंचीवरून लादीवर पडला तरी कड आत वळते. पकडीने सरळ करायला गेलात तर आटेही जातात. लेथवाला ती कड एका फेऱ्यात साफ करून देतो. आटे तिरके चढले असतील तरीही तोच. एरवी आटे लावताना आधी उलटं फिरवायचं, बारीक टक असं बसलं की मगच सुलटं.

उजेड निळसर झाला असेल, फक्त एकच पायरी चालत असेल किंवा डोक्यातून जळका वास येत असेल तर सर्किट किंवा एलईडी गेला. हे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराचं काम, आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिकडे विचारा. एकदा डोकं उघडलं की बऱ्याच वॉरंट्या संपतात.

दुरुस्तीला आणताना, सेल चांगला आणि अडकलेला नसेल तर तो काढून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि प्लॅस्टिकच्या डबीत वेगळा आणा, खिशात चाव्या-नाण्यांसोबत नको. पण आणा नक्की. टॉर्चमध्ये कुठला सेल होता हे बघितल्याशिवाय सर्किट का गेलं ते सांगता येत नाही. आणि येण्याआधी टॉर्च चकचकीत घासू नका. कुठे हिरवं होतं, कुठे काळं, कुठे पांढरं, ते मला दिसायला हवं.